जिन्यावरचं रडणं

४ मार्च, सोमवार

बोलले एकदाचं! एकच वाक्य होतं — "तू आहेस तशीच छान आहेस." त्यासाठी पहाटेपासून मेकअपच्या खुर्चीत बसवून माझ्या सुरकुत्या लपवल्या. मग दिग्दर्शिका आली आणि त्यातल्या थोड्या परत आणा म्हणाली. शाळेची समुपदेशक वाटायला हवी ना! मी खरोखरच शाळेत काम करते, मुलांचे बोबडे उच्चार सुधारते. ते कुणी विचारलं नाही.

ग्रॅडीला मुख्याध्यापक केलंय. टाय लावून दारातून आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "कॉनी, आपण म्हातारे झालो गं!" सव्वीस वर्षांपूर्वी ह्याच गोष्टीवरच्या जुन्या सिनेमात तो हिरो होता, मी हिरॉईन. आता तो गाद्यांच्या जाहिरातींत झोपतो. "झोपायचे पैसे मिळतात. याहून सुख काय असतं?"

६ मार्च

नवी पटकथा पूर्ण वाचली. आमच्या सिनेमात तो मुलगा मित्रांशी पैज लावतो — शाळेतल्या सगळ्यात विचित्र मुलीला नाचाच्या पार्टीला घेऊन जाईन म्हणून. तिला ते जिन्यावर कळतं. ती रडते. बाकी सगळा सिनेमा त्या जिन्यासाठी आहे.

नव्यात पैज नाही. मुलगा तिला आधीच विचारतो — माझ्या चॅनेलसाठी एक गंमत करतोय, तुला चालेल का? ती हो म्हणते. मग जिन्यावर रडायचं कशाबद्दल? तर व्हिडिओखाली कुणी परक्याने वाईट लिहिलंय म्हणून. मुलगा लगेच माफी मागतो. त्याचे मित्रही मागतात. मुख्याध्यापकसुद्धा! ज्याने काही केलंच नाही त्याला माफ तरी काय करायचं?

गैरसमज तर एका मेसेजमध्ये मिटतात. आमच्या वेळी ती शनिवार-रविवार फोनपाशी बसून राहायची, आणि प्रेक्षकही तिच्याबरोबर बसायचे.

आणि विचित्र मुलगी म्हणजे काय, तर चष्मा. शाळेत कुणाला घामसुद्धा येत नाही.

७ मार्च

हिरॉईनचं काम करणारी मुलगी मारिसोल. एकोणीस वर्षांची. चुणचुणीत आहे, पोटातून हसते. तिखट लावलेला आंबा डब्यातून आणते आणि सगळ्यांना वाटते. मला म्हणाली, "तुमचा जिन्यावरचा सीन आईने मला सातवीत दाखवला. आम्ही दोघी हमसून रडलो. तुम्ही ते कसं केलंत हो?"

"लहान होते," म्हटलं. आणि आंबा घेतला.

१९ मे, रविवार

कच्चा सिनेमा दाखवला. लोकांना कसा वाटतो बघायला बाहेरची माणसं बोलावली होती, मी आणि ग्रॅडी मागच्या रांगेत. लोक हसायला हवं तिथे हसले. जिना आला तेव्हा माझ्या पुढच्या बाईने पर्समधून गोळी काढून तोंडात टाकली.

मारिसोल वाईट करत नाही. ओठ थरथरतात, डोळे भरतात, सगळं जागच्या जागी. पण वाटत राहतं की कट म्हटल्यावर ही आंबा खाणार आहे.

गाडीत ग्रॅडी म्हणाला, "तुझ्यासारखं कुणाला जमायचं नाही."

खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतकी वर्षं झाली, तरी बरं वाटलं!

२३ मे

निर्माती शेल्बीचा फोन. लोकांना जिना आवडला नाही, परत शूट करणार आहेत. "कॉनी, तुमचं गुपित काय ते पोरीला सांगा ना. जुना सिनेमा लोक त्या एका सीनसाठी लावतात. तसं खरं पाहिजे मला."

"ती खरं करतेय."

"नाही हो, तसलं खरं नाही." मग आवाज खाली. "लागलं तर तिला न सांगता काहीतरी करता येईल. तुमच्या दिग्दर्शकाकडे काहीतरी युक्ती होती म्हणे."

येते म्हणाले. का म्हणाले माहीत नाही.

२४ मे

भांडी घासली. खिडक्या पुसल्या.

११ जून, मंगळवार

शूटिंगला गेले. मारिसोल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. फोनच्या स्पीकरवर तिची आई — "जेवलीस का? मग काय, हवा खाल्लीस?" मला बघून तिने फोन ठेवला.

"सगळे म्हणतात माझं रडणं खोटं वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा काय आठवलं होतंत? मला सांगा, मी तेच करीन. माझी कुत्री मेली ते आठवून झालं. आजोबा आठवून झाले. अजून किती लोक मारू?"

मला हसू आलं. मग आलेलं गेलं.

"मी काही आठवलं नव्हतं," मी म्हणाले.

आणि सांगितलं. मी तिच्याहूनही लहान होते. सकाळपासून रडू येत नव्हतं, सगळे घड्याळं बघत होते. दिग्दर्शक हॅल्स्टेड येऊन शेजारी बसला. माझा हात हातात घेतला. म्हणाला, "पोरी, तुझ्या घरून फोन होता. बाबांच्या ट्रकला अपघात झाला. ते गेले."

मी उठले, खाली उतरायला लागले, पायरी सापडेना, कठडा धरला. लोकांना जे आवडतं ते हेच. कठडा धरते ते. ते कुणी शिकवलेलं नाही. कॅमेरा आधीच चालू होता.

मग तो ओरडला, "कट! अगं, बाबा ठणठणीत आहेत तुझे!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केक आणला होता.

मारिसोल हळूच म्हणाली, "मला पण तसं करणार आहेत का?"

"मी इथे बसलेय तोवर नाही."

"तुमच्या बाबांना माहीत होतं?"

नव्हतं. बाबा त्यानंतर खूप जगले. टीव्हीवर सिनेमा लागला की शेजाऱ्यांना हाका मारायचे — या, माझी लेक रडतेय बघा! त्यांना काय सांगणार होते मी?

शेल्बी येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय, सांगितलं का गुपित?" मी तिला बाजूला नेऊन तेच सगळं परत सांगितलं. म्हणाले, ह्या पोरीला कुणी काही खोटं सांगितलं तर मी ते सगळीकडे सांगेन. ती पांढरी पडली. "मला तसं नव्हतं म्हणायचं," म्हणाली. कदाचित नसेलही.

खुर्ची ओढून कॅमेऱ्याशेजारी दिवसभर बसले. मारिसोल पुन्हा पुन्हा उतरली. चांगलं केलं. आधीपेक्षा थोडं चांगलं. मेलेलं कुणी नाही हे प्रत्येक वेळी कळत होतं.

जाताना खिदळत गाडीत बसली. आईला फोन लावूनच.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज नवा सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला एकटी गेले. थेटरात मोजकी माणसं.

सिनेमा फिकाच आहे. त्यात फरक नाही. सगळे एकमेकांशी इतके नीट वागतात की ते दोघं शेवटी नाचले काय नि न नाचले काय. कठडा मारिसोलने धरला — माझ्यासारखाच, डाव्या हाताने. काही झालं नाही. मी बघत राहिले आणि मनात म्हटलं, नाही झालं तर नाही झालं.

२४ सप्टेंबर

परीक्षणं वाईट. त्यातलं एक — "जुन्या नायिकेच्या डोळ्यांत जे होतं ते ह्या मुलीकडे नाही." मारिसोलचा मेसेज आला, नुसता रडणारा चेहरा. खाली — "हे पण खोटंच आहे म्हणतील!"

२ ऑक्टोबर, बुधवार

एका वार्ताहर मुलीचा फोन. ठरलेला प्रश्न — जुन्यात असं काय होतं जे नव्यात नाही?

मधल्या सुट्टीत शाळेच्या पार्किंगमध्ये उभी होते. म्हणाले, "एक खोटं होतं." आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे छापू?" छापा म्हटलं. हॅल्स्टेड मेला, बाबाही गेले. आता कुणाला वाचवायचं राहिलंय?

आत जाऊन एका मुलाकडून 'र' म्हणवून घेतला. आला त्याला!

५ ऑक्टोबर

छापून आलं. ग्रॅडीचा फोन. नेहमीसारखी थट्टा नाही. "कॉनी, मला माहीत होतं. हॅल्स्टेड तुझ्याकडे जाण्याआधी मला सांगून गेला होता. जिन्याखाली उभा राहा आणि तोंड पाडून तिच्याकडे बघ म्हणाला. मी बघितलं."

शेजारी बसलेल्या हॅल्स्टेडकडे मी पाहिलं होतं, आणि विश्वास बसला नव्हता. मग खाली ग्रॅडीकडे पाहिलं. तेव्हा विश्वास बसला.

फोन मी ठेवला नाही. त्यानेही नाही.