राजीनामा देणार नाही

अल ऐन, रविवार, मार्च २००९

मंदीत आमची बांधकामाची साइट बंद पडल्यापासून मी, बिल्डिंगांचे नकाशे काढणारी आर्किटेक्ट, कॉम्प्युटरवर राक्षसांचं तळघर बांधत बसते. विनोदी गेम आहे. शूरवीर खजिना लुटायला येतात, आपण त्यांना पळवून लावायचं. आज माझा ढेरपोट्या राक्षस पहाऱ्यावरच घोरत होता. लेक म्हणाली, "आई, ही इज सो लेझी!"

तेवढ्यात बॉसचा फोन. "मॅडम, राजीनाम्यावर सही करा, खलास."

मी का? स्वतःहून सोडली की हिशेबाचे पैसे कमी मिळणार. काढायचंय कंपनीला, तर तसं लिहून द्यावं. "नाही करणार," म्हटलं. ढेरपोट्या घोरतच होता. मला हसूच आलं.

नवरा घाबरला. "अगं, व्हिसाचं काय? कंपनीने रद्द केला तर?" मी करारपत्राची फाइल काढली. ते बघून तो म्हणाला, "उद्या ऑफिसात तुझ्याबरोबर येतो."

ये म्हटलं. पण बोलणार मीच.