पाच ग्रंथ, एक बैठक

१ जानेवारी १९३७, शुक्रवार
नवी वही, नवा टाक. या वर्षी फालतू माणसांशी बोलायचं नाही. म्हणजे जालन्यात कोणाशीच नाही.

काल वाचनालयात सगळ्यांदेखत जाहीर केलं की ५ फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत व्याख्यान मी देणार. विषय 'जालन्याचा प्राचीन इतिहास'. दीनानाथ मास्तराचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. गेल्या वर्षी व्याख्यान त्याचं होतं, 'व्यायामाचे फायदे'. निजाम सरकारची इजाजत, म्हणजे भाषणाची परवानगी, आली नाही. लोकांनी वाचनालयाच्या पायरीवरच त्याच्या गळ्यात हार घातला. एक वाक्य न बोलता माणूस विद्वान झाला!

सासरेबुवा ऐकायला तीर्थपुरीहून येणार. तीन वर्षं ज्वारी, तूर, तूप त्यांच्याकडून येतं, कारण मी अभ्यास करतो. आज बायकोनं, उमानं, त्यांचा निरोप ऐकवला. व्याख्यान चांगलं झालं तर अभ्यास चालू द्या, नाही तर जावईबापूंनी आमच्या अडतीवर बसावं. कापसाच्या अडतीवर! पुण्याच्या कॉलेजात सव्वा वर्ष काढलेला माणूस!

प्रोग्राम ठरला. वाचनालयात एक दिवस, एक बैठक, पाच ग्रंथ. सीरियस माणसाला महिना कशाला लागतो?

४ जानेवारी, सोमवार
वाचनालय. खिडकीजवळ उजेडाची एकच खुर्ची. तिच्यावर भुजंग मुनीम तोंडावर पेपर घेऊन झोपलेला. खाकरलो. पुन्हा खाकरलो. तर म्हणतो, "जरा तिकडं जाऊन खोका की. झोप मोडून राह्यली."

उजेडाशिवाय अभ्यास होत नाही. परत आलो.

६ जानेवारी, बुधवार
भुजंगाच्या आधी पोचलो. खुर्ची मिळाली. बद्रीनाथकडे पाच ग्रंथ मागितले. बद्रीनाथ म्हणजे आमचा लायब्रेरियन. पुस्तक मागितलं की पोरीला मागणी घातल्यासारखा बघतो. म्हणे, एका वेळी एकच, नियम आहे. मी म्हटलं, वाचनालय काय तुझ्या बापाचं आहे? म्हणाला, "व्हय. जागा बापानंच दिल्ती."

एक घेतला. आत पाहतो तर छापखान्यातून आला तसा कोरा. पानं एकमेकांना जोडलेली, कापलेलीच नाहीत. पाच वर्षांत एकानंही उघडला नाही, हे आमचं सुशिक्षित गाव. चाकू मागितला. बद्रीनाथ म्हणे, "चाकू इथं न्हाई भेटत. घरून आणा."

घरी आलो. चाकू नाही. उमा म्हणाली, विळी न्या. विळी घेऊन वाचनालयात! लोक हसतील, का मारामारीला आला समजतील? तिच्याशी वाद घातला, मग जेवलो, मग जरा आडवा झालो. उठलो तर दिवेलागण. वाचनालय बंद.

दिवस बद्रीनाथनं घालवला.

१२ जानेवारी, मंगळवार
तहसिलीत इजाजतीचा अर्ज दिला. भाषणाचा मजकूर उर्दूत जोडावा लागतो. मजकूर अजून व्हायचा आहे, म्हणून सुरुवात तेवढी दिली: 'अध्यक्ष महाराज आणि सज्जनहो, विषय मोठा आहे, वेळ थोडा आहे आणि मी लहान माणूस आहे.' (शेवटचं खोटं, पण पद्धत आहे.) कारकून म्हणाला, "बस, इतनाच?" म्हटलं, बाकीचं डोक्यात आहे.

जिथं दंडबैठकांना इजाजत मिळाली नाही तिथं इतिहासाला कोण देतो? याचा अर्थ मी वाचणार नाही असा बिलकुल नाही.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत
दीनानाथ तिळगूळ घेऊन आला. गोड बोला म्हणाला आणि लगेच विचारलं, "कितीक पानं झाली?" तिळगूळ खाल्ला. तीळ खवट होते.

१९ जानेवारी, मंगळवार
टेंभुर्णीला जाऊन आलो. तिकडे एक फार जुनं देऊळ आहे म्हणतात. संशोधन. ज्यांच्या शेतात उतरलो त्यांनी हुरडा भाजला. नाही म्हणणं बरं दिसत नाही. देऊळ राहिलं.

२१ जानेवारी, गुरुवार
पोट.

२७ जानेवारी, बुधवार
वाचनालय. भुजंग खुर्चीत. सहन करायलाही मर्यादा आहे. खुर्ची ओढली. तो पडला. पेपर फाटला. पेपर पुण्याचा, गावात एकच येतो, आणि वाचणारे दहा जण रांगेत बसलेले. सगळे माझ्या अंगावर. बद्रीनाथनं ग्रंथ माझ्या हातात कोंबला आणि म्हणाला, "घरी नेऊन वाचा मालक, पण इथून निघा." झोपणारा आत आणि अभ्यास करणारा बाहेर.

उमा म्हणाली, मी विळीवर पानं कापून देते. म्हटलं, ग्रंथ आहे, मेथीची जुडी नाही. नंतर विचारते, "नऊ दिवस राहिले. इजाजत आली म्हंजे?" म्हटलं, येत नसते. म्हणाली, "आन् आली तर?" बायकांना सरकार कळत नाही.

३० जानेवारी, शनिवार
फार मोठं काम झालं. इजाजत नाकारल्यावर पायरीवर उभं राहून काय बोलायचं ते लिहून काढलं. चार पानं, एका बैठकीत! मन लागलं की माझं काम असं असतं. पहिलं वाक्य: 'आज माझ्या तोंडाला कुलूप लावण्यात आलं आहे.' उमाला वाचून दाखवलं. ती पोळ्या करत होती.

कचरू माळ्याला हार सांगितला. झेंडूचा, चांगला जाड. दीनानाथचा बारीक होता.

३ फेब्रुवारी, बुधवार
इजाजत आली.

पोलीस ठाण्याला नवे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, आलेत. त्यांना म्हणे इतिहासाचा शौक. शिपाई "मुबारक" म्हणाला आणि हात पुढे करून उभा राहिला. कसलं मुबारक?

४ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळपासून अन्न गोड लागलं नव्हतं. दुपारी कागद नीट वाचून घेतला. खाली शर्त आहे: अर्जासोबतच्या मजकुराबाहेर एक लफ्ज बोलू नये. वाचलो! मजकूर म्हणजे माझं एक वाक्य. ते म्हणायचं, कागद दाखवायचा आणि खाली बसायचं. मुस्कटदाबी उघड दिसेल. हार वाया जाणार नाही.

सासरेबुवा आले. ओसरीवर बसून म्हणाले, "जावईबापू, आमी फार लांबून आलो बरं. चांगलं बोला." उमानं माझं उपरणं स्वतः धुऊन वाळत घातलं.

५ फेब्रुवारी, शुक्रवार. सभा
वाक्य म्हटलं. कागद वर धरला. शर्त वाचून दाखवली. लोक चुकचुकले. बसणार, तोच पहिल्या रांगेतून अमीनसाहेब उठले. म्हणाले, "शर्त की फिकर नक्को करो पंडितजी. मैं खास सुनने आया. शौक से बोलो."

उभा राहिलो. बोललो, जालना हे फार जुनं गाव आहे.

भुजंग आज जागा होता. वर्षात एकदा जागा होतो तो आजच. म्हणाला, "किती जुनं?"

म्हटलं, फार.

पुढचं काही येईना. खिशात हात गेला. कागद लागले. काढले आणि वाचलं: 'आज माझ्या तोंडाला कुलूप लावण्यात आलं आहे.'

आधी कोणी हसलं नाही. मग दीनानाथ हसला. मग सगळे. अमीनसाहेबांना शेजाऱ्यानं उर्दूत समजावलं, मग तेही. मला सांगावंसं वाटलं की हे दुसरं भाषण आहे, चुकून आलं.

उमा बायकांच्या बाजूला बसली होती. ती हसली नाही. पदर ओढून खाली बघत होती. ते मला बघवेना. बाकीचे गेले खड्ड्यात, पण तिला तिथं तसं बसावं लागायला नको होतं.

हार कचरूनं आणलाच होता. तो अमीनसाहेबांच्या गळ्यात घातला. त्यांना फार शोभला.

सासरेबुवा रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता आलं असतं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "उमा, सामान बांध. सकाळी जल्दी गाडी जोडू."

८ फेब्रुवारी, सोमवार. तीर्थपुरी
अडत. सकाळी कापसाच्या गाड्या येतात, माणसं ओरडतात, मी वजन लिहून घेतो. भाव मला विचारत नाहीत. दुपारी मात्र कोणी नसतं. दारापाशी उजेडाची बैठक आहे, ती माझीच. कोणी झोपायला येत नाही, कोणी पेपर मागत नाही. अभ्यासाला अशी जागा जालन्यात शोधून सापडली नसती. गठ्ठ्यांची सुतळी कापायला चाकूसुद्धा दिलाय. चांगला धारदार आहे.

पुस्तक जालन्याला राहिलं.