प्रज्ञाने अडवलेलं भंगार

३ नोव्हें., सोम.
मिलिंदची प्लँटमध्ये फर्स्ट शिफ्ट, म्हणून सूनबाईला वरठी स्टेशनवर मीच सोडलं. जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केली, आता एकाच प्रवाशाची ने-आण. तिकीट माफ.
प्रज्ञा नागपूरच्या कंटेनर डेपोत कस्टमची तपासणी करते. संध्याकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगू लागली. आज एक कंटेनर उघडला. कागदावर प्लास्टिकचं भंगार. आत सलाइनच्या पिशव्या, नळ्या, सिरिंजा. मधेच बाळाच्या मनगटाला बांधतात ती पट्टी, परदेशातल्या कोण्या दवाखान्यातली. "मामाजी, आधी आंघोळ करते," म्हणाली. पाणी तापवून दिलं.

५ नोव्हें.
जेवताना प्र.ने समजावलं. बाहेरून आलेल्या प्रत्येक मालाला नंबर असतो. ३९१५ म्हणजे प्लास्टिकचं भंगार, परवाना असला की सुटतं. ३८२५ मध्ये दवाखान्याचा कचरा, तो देशात येऊच देत नाहीत. माल सोडवायला आलेला एजंट म्हणतो धुऊन आलंय, आता नुसतं प्लास्टिक. प्र. म्हणते, नळ्यांत डाग आहेत, धुतलं कुठं?
मी म्हटलं, "म्हंजे मिशीवाला माणूस हाफ तिकिटावर बसला." एवढी हसली की ठसका लागला. मिलिंद मलाच रागावला. कितीतरी दिवसांनी अशी हसली.

९ नोव्हें., रवि.
वाईट दिवस.
एकोडीहून कुसुम आली, माझी धाकटी बहीण. नवे तांदूळ घेऊन. तिच्या गावाजवळ प्लास्टिकचे दाणे करायचा कारखाना आहे, तिथे ती भंगार निवडायला जाते. बसल्या बसल्या म्हणाली, "काम बंद आहे भाऊ. नागपूरले कोन्या बाईनं आमचा माल अडवून ठेवला मनते."
प्र. भाजी वाढत होती, हात थांबला. मी डोळ्यांनी नको म्हटलं. ऐकते कशाची!
"आत्याबाई, ती बाई मीच आहो."
कुसुमने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग, "तुले का करायचं होतं वो माय? आमच्या पोटावर काहून पाय देऊन राहिली?"
चहा न घेता निघाली. स्टँडपर्यंत मागे गेलो. दोघीही माझ्याच, कोणाला काय म्हणू?

१० नोव्हें.
प्र.ने साहेबांना सांगून टाकलं, नवऱ्याची आत्या त्याच कारखान्यात आहे, मला यातून काढा. साहेब म्हणाले, नमुने दुसरा अधिकारी घेईल, निकाल मी देईन, पण तुझा पहिला रिपोर्ट राहील.
घरी आल्याबरोबर, "आत्याबाईचा फोन आला का?"
नाही आला.

१६ नोव्हें., रवि.
एकोडीला जाऊन आलो. कुसुम दुसऱ्याच्या बांधीत धान कापत होती. पाणी दिलं, तोंड फुगलेलंच. बांधावर बसलो दोघं.
"निवडताना सुया निघतेत का गं?"
"निघतेत ना. बाजूले ठेवतो."
"हातमोजे?"
"त्यानं नळी हातात येत नाही. दोनदा टोचली, काही नाही झालं."
काटा टोचल्यासारखं सांगितलं!
"मले सांगितलं काहून नाही?"
"तू का डॉक्टर आहेस?"
लहानपणी लस टोचणारी बाई आली की ही तलावाच्या पाळीमागे लपायची, मीच ओढून आणायचो. "प्रज्ञाले नोको सांगू," म्हणाली. हो म्हटलं. घरी येऊन सांगितलं.

१८ नोव्हें.
प्र.ने रजा टाकली, एकोडीला जाऊन कुसुमला तयार केलं. दोघी भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात, मी सोबत. कुसुम पूर्ण वेळ तोंड फिरवून. रक्त काढायची सुई दिसली तशी प्र.ची ओढणी मुठीत गच्च. नर्सने विचारलं, ही कोण तुमची?
"सून होय भावाची. लय जिद्दी आहे."
प्र. घरी येऊन हे मिलिंदला दोनदा सांगून झाली.

२७ नोव्हें.
कुसुमचा रिपोर्ट आत्ता तरी चांगला. काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं.
तिकडे डेपोचाही रिपोर्ट आला. काही नळ्यांत रक्त निघालं. मालवाला म्हणतो, तेवढं खराब निवडून फेकतो, उरलेलं ३९१५ मध्ये सोडा. सुनावणी व्हायची आहे.
प्र. ताटावर बसून म्हणाली, "निवडणार कोन, मामाजी?"
मी ताट बाजूला सरकवलं.

३० नोव्हें., रवि.
कुसुम आली. स्वतःहून. चप्पल न काढता दारातूनच विचारलं प्र.ला, "माल सुटला त म्या जाऊ का नोको कामाले?"
"निकाल माझ्या हातात नाही, आत्याबाई."
"निकाल कोन इचारते? जाऊ का, ते सांग. नोको मनशीन त दुसरं काम तू देशीन का?"
प्र. माझ्याकडे पाहायला लागली. मी वांगी चिरत होतो, चिरतच राहिलो.
शेवटी प्र. म्हणाली, "आज राहा. सकाळी मी बसमध्ये बसवून देते."
राहिली. आता आत दोघी पोळ्या करून राहिल्या, प्र. लाटते, कुसुम शेकते. चौघांना लागतील त्याच्या दुप्पट झाल्या, तरी लाटणं थांबत नाही.