शेकोटीचा खड्डा आणि ताईचं पुडकं

तीर्थस्वरूप दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार, तोही जरा लांबूनच, कारण अंगाला अजून धुराचा वास येतोय. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना? (दोन्हींची कारणं वेगळी असतात म्हणे, म्हणून विचारलं.) पत्र घरी न पाठवता तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतोय. फोनही मुद्दामच केला नाही, कारण तुमच्याकडे फोन ताई उचलते आणि तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही. पंधरा दिवसांनी ती आमच्याकडे यायची आहे, तिचं पुडकं न्यायला. ते पुडकं आता नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. लिहिलंच आहे, तर सगळं पहिल्यापासून सांगतो.

परसात शेकोटीचा खड्डा करायची कल्पना आमच्या हिची. निवृत्त झाल्यापासून मी घरभर फिरून प्रत्येक बटण दोनदा बंद करतो आणि हिच्या मते माणसानं संध्याकाळी कुठेतरी स्वस्थ बसावं. आता तुम्हीच सांगा, ज्यानं विमा कंपनीत तेहतीस वर्षं जळक्या गोदामांची राख चिवडली, त्याच्याच परसात आग? मी साफ नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. (आमच्या घरात माझ्या नकाराला एवढंच वजन आहे.) त्यानं विटांचं गोल कडं बांधलं, तळाला खडी टाकली आणि आता निवांत बसा म्हणून निघून गेला. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

मग मी माझ्या परीनं बंदोबस्त केला. वाळूच्या तीन बादल्या, नळाला कायमचा लावलेला पाइप, आणि वारा कुठून येतोय ते कळावं म्हणून काठीला बांधलेली हिची जुनी रिबीन. शिवाय शेजाऱ्यांना लेखी सूचना, की आज सायंकाळी सहा ते साडेसात शेकोटी पेटवण्यात येईल, तरी वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत. शेजाऱ्यांना ते आमंत्रण वाटलं. कपडे तसेच ठेवून सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन हजर झाले. फायदे नाहीतच असं मी म्हणणार नाही, एकतर्फी अहवाल देणं माझ्या स्वभावात नाही. कुंपणाच्या भिंतीवरून सहा वर्षं अबोला धरलेला दंतवैद्य माझ्या शेजारी बसून हात शेकू लागला. ही तर लहानपणीच्या अशा गोष्टी सांगायला लागली, ज्या मी इतक्या वर्षांच्या संसारात ऐकल्या नव्हत्या. पण तोटे बघा. मी कुठेही बसलो तरी धूर माझ्याच तोंडावर येतो. माझ्या स्वेटरला पाच भोकं पडली. दंतवैद्याच्या मावशींच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा एक पाय आचेनं वाकला आणि त्या गप्पा मारता मारता हळूहळू कलल्या. (लागलं नाही. मीच पकडलं. मी त्या पायाकडेच बघत होतो.) आणि विझवताना मी इतकं पाणी ओततो, की दुसऱ्या दिवशी त्या चिखलात काही म्हणता काही पेटत नाही.

घात झाला तो रद्दीनं. रॉकेलला मी बंदी केली होती, वर्तमानपत्राचे पेटते तुकडे उडतात म्हणून तेही नको. उरले जाड कागद, तेसुद्धा आधी मी तपासायचे, मग हिनं तपासायचे आणि मगच आत. गेल्या गुरुवारी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तिच्यात आमच्या ऑफिसच्या फाइलचं कव्हर निघालं, सुतळीनं करकचून बांधलेलं. वर शिक्का होता, 'प्रकरण निकाली, नष्ट करण्यास हरकत नाही', आणि खाली सही माझी. दाजी, उभ्या नोकरीत मी दुसऱ्या कुणाच्या सहीवर विश्वास ठेवला नाही, पण स्वतःच्या सहीवर संशय घ्यायचं कधी सुचलं नाही. ही म्हणाली, एकदा उघडून तर बघा.

"मी सही केलीय, म्हणजे बघूनच केली असणार," असं म्हणून मी ते आत ठेवलं.

सुतळी जळाली, कव्हर उघडलं आणि आत तुमचं तिरकं अक्षर दिसलं. लग्नाआधी जमिनीच्या मोजणीवर असताना तंबूतून तुम्ही ताईला लिहिलेली सत्तावीस पत्रं. बावीस वर्षांपूर्वी तुमच्या घराचं रंगकाम काढलं, तेव्हा तिनं ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. कुणी उघडू नयेत म्हणून मीच ती त्या कव्हरात बांधली, कारण निकाली कागदांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. चिमट्यानं एक अर्धं पान बाहेर काढलं. तिन्ही बादल्या ओतल्या तोवर बाकी सगळं गेलं होतं.

तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, तिला त्यातली दोन-चार मुलांना वाचून दाखवायचीत. ती रागावेल याची मला भीती नाही. ती रागावणार नाही, गप्प बसेल आणि मला नेहमीसारखं जेवायला वाढेल, याची भीती आहे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आजवर तिनं विश्वासानं माझ्याकडे ही एकच वस्तू दिली होती.

खड्डा बुजवायचं मी ठरवलंय. खड्ड्यानं काय केलं, असं ही विचारते.

तुमचा,
धाकटा मेव्हणा

ता. क. : खरं काम असं, की ती पत्रं तुम्ही पुन्हा लिहून द्याल का? रोज तीन लिहिलीत तर वेळेत होतील. हल्ली तुमचं पत्र चार ओळींत संपतं हे ठाऊक आहे, पण तेव्हा तुम्ही पानंच्या पानं लिहायचात. उन्हात ठेवून पिवळे केलेले कागद सोबत जोडले आहेत.

आणखी एक : दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण नुकसानीची पाहणी करताना वाचावं लागतं. त्या अर्ध्या पानावर तुम्ही लिहिलंय, "तुझा धाकटा भाऊ सगळ्याला घाबरतो, पण ही पत्रं कधी कुणाकडे ठेवायची वेळ आलीच, तर त्याच्याकडेच दे." मघापासून ते पान समोर घेऊन बसलोय. पत्रं लिहू नका, दाजी. पिवळे कागद परत पाठवा. ताई आली की हे पान मी माझ्या हातानं तिला देणार आहे. तुम्ही फक्त तिच्याबरोबर या.