हं म्हणजे हो नव्हे

शनिवार, २८ जून २०१४. सेंदाई

सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या त्याला आज शंभर वर्षं. माझे गाइड, म्हणजे सेन्सेई, सकाळपासून लग्नघरात असल्यासारखे उत्साहात. शनिवार असून सगळ्यांना डिपार्टमेंटमध्ये बोलावलं आणि चिठ्ठ्या उचलायला लावल्या. या जुलैत सेमिनारमध्ये पेपर वाचायचे नाहीत, खेळायचं. प्रत्येकाने एकेक देश व्हायचं आणि १९१४चा जुलै पहिल्यापासून परत जगायचा. पुस्तकात झालं तसंच करायची सक्ती नाही. "जमलं तर महायुद्ध टाळून दाखवा," म्हणाले. डोळ्यांत नुसता मिश्कीलपणा.

माझ्या वाट्याला जर्मनी. ऑस्ट्रिया ओनो-सान, माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा, मुंगीलासुद्धा वाट देणारा मुलगा. कमरेत वाकून म्हणाला, "अरू-सान, सांभाळून घ्या." म्हटलं, तेच तर घेऊ नये ना रे मी!

संध्याकाळी टोकियोहून नवऱ्याचा, निखिलचा फोन. बराच वेळ बोलला, ऑफिसचं काहीतरी. मी १९१४मध्ये बर्लिनहून गेलेल्या तारांची भाषांतरं वाचत होते. थालीपीठ करपलं. खाल्लं तसंच.

बुध. २ जुलै

आज जर्मनीची अब्रू गेली.

ओनो-सान ऑस्ट्रियाचे राजदूत म्हणून आले, बसले, घसा साफ केला. सर्बियाला धडा शिकवायचाय. रशिया मध्ये पडला तर तुम्ही पाठीशी राहाल ना? मी लक्ष देऊन ऐकत होते, आणि लक्ष देऊन ऐकताना आपण मराठी माणसं जे करतो ते करत होते. "हं… हं… हं हं." मान डोलावत.

मध्येच जमीन हलली. छोटासाच धक्का. २०११नंतर इथली सगळी कपाटं भिंतीला बांधलेली आहेत, ती नुसती कुरकुरली. सगळ्यांनी वर दिव्याकडे बघितलं. दिवा थांबला, आणि ओनो-सान जिथे थांबले होते तिथून पुढे वाकले. "जर्मनीच्या होकाराबद्दल मनःपूर्वक आभार."

कसला होकार?

जपानीत घरच्या माणसाला हो म्हणायचं तर "उन्" म्हणतात. माझं हं त्यांना अगदी तसंच ऐकू आलं. सेन्सेईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कोरा चेक". टाळ्या. जर्मनीने ऑस्ट्रियाला दिलेल्या बिनशर्त पाठिंब्याचं हे इतिहासातलं नाव. ज्या कोऱ्या चेकवर मी प्रबंध लिहितेय तो मीच देऊन बसले! "मी हो म्हटलंच नाही," असं तीनतीनदा सांगितलं. सेन्सेई म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी ऐकलं." हसून हसून माझ्याच डोळ्यांतून पाणी.

गुरु. ३ जुलै

सकाळी नि.चा फोन.

"अरू, व्हिसाचे कागद आलेत."
"कसला व्हिसा?"
"फ्रँकफुर्टचा. काय कसला!"

मग उलगडा झाला. त्याला जर्मनीचं पोस्टिंग मिळतंय, सप्टेंबरपासून. ऑफिसला त्याने होकार कळवलाय. मला शनिवारी रीतसर विचारून.

"मी विचारलं, हो म्हणू का? तू म्हणालीस, हं. परत विचारलं, नक्की ना? तू म्हणालीस, हं हं."
"अरे, ते ऐकतेयवालं हं होतं!"
"मग नकोवालं कसं असतं तुझं?"

खरंच, कसं असतं?

हसले, पण फोन ठेवल्यावर कॅलेंडर काढून महिने मोजले. सेन्सेई मार्चमध्ये रिटायर होतायत. प्रबंध त्याआधी झाला नाही तर दुसरा गाइड, नवी सुरुवात, म्हणजे झालाच नाही समजायचं. आणि नि.ला एकट्याला पाठवायचं तर आत्ता टोकियो-सेंदाई आहे त्याचं फ्रँकफुर्ट-सेंदाई होणार. लग्न होऊन आम्ही अजून एका घरात एक आख्खा पावसाळा काढलेला नाही. मार्चनंतर मी टोकियोत, हिगाशी-कसाईला त्याच्याकडे राहायला जाणार, हे ठरलेलं. तिथल्या बाल्कनीत कढीपत्ता लावायचा हेसुद्धा.

जर्मनीवर पीएचडी करणारी बाई, आणि जर्मनीला जायचं म्हटलं की हिला नको वाटतं. कुणाला सांगायची सोय नाही.

शनि. ५ जुलै

बरोबर शंभर वर्षांपूर्वी आज ऑस्ट्रियाचा राजदूत जर्मनीच्या सम्राटाकडे, कैसरकडे जेवायला गेला होता. जेवणाआधी कैसर म्हणाला, चॅन्सेलरला विचारावं लागेल. जेवण झाल्यावर म्हणाला, खुशाल करा, आम्ही आहोत. या जेवणावर मी आख्खं प्रकरण लिहिलंय, आणि त्यात कैसरला उथळ वगैरे बरंच काही म्हटलंय. आज ते विशेषण काढून टाकलं. बिचाऱ्याचं लक्ष पुडिंगकडे असेल.

नि.शी रोज बोलतेय पण विषय टाळतेय. तो जर्मन शिकायला लागलाय. "इख बिन निखिल," म्हणतो. इतका खुशीत वाटतो की नको म्हणायला जीभ रेटत नाही. ओव्हरटाइमला किती कंटाळलाय, मला माहीत आहे. जाऊ दे त्याला, असं दिवसभर स्वतःला समजावलं. पटलं नाही.

बुध. ९ जुलै

ओनो-सान सर्बियाला द्यायचा खलिता घेऊन आले. सुरेख अक्षर. म्हटलं, थांबा. मी हो म्हटलं नव्हतं, मी ऐकत होते. जर्मनीचं उत्तर नाही असं आहे. स्पष्ट नाही.

मला वाटलं ऑस्ट्रिया रागावणार. ओनो-साननी खलिता खाली ठेवला आणि एवढा मोठा श्वास सोडला. "खरं सांगू? मी विचारायला आलो तेव्हा वाटत होतं, तुम्ही थांबवाल. तुम्ही इतक्या पटकन हो म्हणालात. मग वाटलं, जर्मनीलाच हे हवंय. आता माझ्यामुळे तुमची निराशा नको."

वर्गात हशा. सेन्सेई मात्र चिंतेत. युद्ध झालंच नाही तर पुढच्या सेमिस्टरला शिकवायचं काय?

मी हसत नव्हते. जर्मनीलाच हे हवंय. सायकल न घेता चालत घरी आले. नि.ला मेसेज केला: शनिवारी ये. समोरासमोर बोलायचंय. भांडण नाही.

शनि. १२ जुलै

आला! स्टेशनवर हिरव्या वाटाण्यासारख्या दिसणाऱ्या त्या झुन्दाच्या गोळ्याचा, इथल्या सोयाबीनच्या मिठाईचा, घास त्याच्या तोंडात असतानाच विचारलं, म्हणजे त्याला पटकन उत्तर देता येऊ नये. "तुला जायचंय का रे जर्मनीला?"

कसाबसा गिळला.

"मला कशाला? तुझ्यासाठी हो म्हटलं मी. तुझी कागदपत्रं, तुझं बर्लिन, तुझा तो कैसर… मला वाटलं तू उड्या मारशील. विचारलं तेव्हा मनातून वाटत होतं, तू नको म्हणशील. तू एका दमात हं म्हणालीस!"

"आणि ते 'इख बिन निखिल'?"

"रडत रडत शिकतोय गं. त्यांच्या व्याकरणाने डोकं उठलंय."

स्टेशनसमोरच्या पुलावर दोघं वेड्यासारखे हसत उभे. लोक शिस्तीत वळसा घालून जात होते. मी त्याचा हात सोडलाच नाही. किती आनंद झालाय ते नीट लिहिता येत नाहीये, म्हणून लिहीत नाही.

रवि. १३ जुलै

आनंद ओसरला नाही, पण एक अडचण आहे. जपानी ऑफिसात दिलेला होकार परत घेणं म्हणजे निघालेलं सैन्य परत बोलावणं. निरोपाच्या पार्टीची जागा बुक झालीय. बॉसनी स्वतः जर्मन निरोपाचं वाक्य पाठ केलंय. फ्रँकफुर्टवाल्यांनी त्याच्यासाठी टेबल लावून ठेवलंय.

"उद्या सांगतो," म्हणाला. शिनकानसेन, बुलेट ट्रेन, सुटेपर्यंत दारात उभं राहून वाक्यं जुळवत होता. नोकरीवर तर बेतणार नाही ना? तरी जाताना शीळ घालत होता!

सोम. १४ जुलै

दुपारी मेसेज. "सांगितलं सगळं. हं चं प्रकरणसुद्धा. बॉस म्हणाले, 'नारुहोदो.' मग बराच वेळ खिडकीतून समुद्राकडे बघत बसले. अरू, याचा अर्थ काय?"

नारुहोदो म्हणजे असं होय! शब्द सोपा आहे. पण असं होय, ठीक आहे की असं होय, बघून घेतो? इतकी वर्षं जपानीत काढली, छातीठोकपणे सांगता येईना. "आवाज कसा होता?" विचारलं. "जपानी," म्हणाला.

मंगळ. १५ जुलै

न राहवून सेन्सेईंकडे गेले. पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोन, थालीपीठ, फ्रँकफुर्ट, बॉस, खिडकी. त्यांनी चष्मा काढून पुसला, शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मी विचारलं, तुमच्या अनुभवाने सांगा, बॉसचं ते उत्तर हो आहे की नाही?

सेन्सेई खूप गोड हसले. म्हणाले, "नारुहोदो." आणि छत्री घेऊन तासाला गेले.