घडीचे आसन कोणाचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धंदा लहान न्हाणीघरांसाठी भिंतीला मिटणारी आसने आखणे व बनवणे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. साक्षीदार डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे सांगितले आहे. कोणाचा धाक वा आग्रह नाही. भिडेपोटी जे करायचे ते आयुष्यभर करून झाले. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याचा विचारही नाही.

१. माझी हत्यारे, म्हणजे ड्रिल, पकडी, करवती, गुण्या आणि बारा इंची पोलादी पट्टी, भावाच्या कारखान्यातल्या थोरल्या मिस्त्रीला द्यावीत. या कागदाची अंमलबजावणीही त्यानेच करावी. मला पट्टीबाई हे नाव त्याने पाडले. तेव्हा राग आला होता. आता वाटते, मी काय काम करते हे निदान त्याने तरी पाहिले होते.

२. आराखड्यांची निळी वही. हिच्यात काय आहे ते मीच सांगायला हवे, घरात दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. आईचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा आमचे न्हाणीघर तीन फूट बाय चार होते आणि दार आत उघडायचे. खुर्ची ठेवली तर दार लागेना, स्टूल ठेवले तर साबणावरून घसरायचे. आठ महिने मी तिला धरून आंघोळ घातली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, कारखान्यात लोखंडी खाटा बनत. तिथल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून मी आसन केले. उंची अठरा इंच, कारण त्याहून खाली बसले की आईला उठता येत नसे. पाणी निथळावे म्हणून पट्ट्यांत फटी. वापर झाला की भिंतीशी तीन बोटांच्या जाडीत मिटणारे, आणि उघडल्यावर टेकू जागेवर धरून ठेवायला स्टीलचा खटका. पाचवा नमुना जमला. आई बसली, उठली, पुन्हा बसली. मग म्हणाली, "आता तू बाहेर जा आणि दार ओढून घे." आतून कडी लागल्याचा आवाज आला. माझ्या कामाला मिळालेले बक्षीस म्हणाल तर तेवढेच.

ही वही मागेल त्या कारागिराला उतरवून घेऊ द्यावी. अट एकच, खटका स्टीलचाच.

३. दादाला वही कधीच नको होती, आसन हवे होते. खाटांचा धंदा बसत चालला होता, आसनाने तो उभा केला. आराखड्याच्या हक्कनोंदणीचा अर्ज दादाने स्वतःच्या नावाने भरला. मी विचारले तेव्हा म्हणाला, "नाव कोणाचंही असो, घरातच राहणार आहे ना?" वहिनीने मान डोलावली. आईनेही माझी बाजू घेतली नाही. तिला शेवटचे दिवस त्याच्याकडेच काढायचे होते. पुढे पंचवीस वर्षे माहितीपत्रकावर दादाचा फोटो येत राहिला, खाली ओळ: 'आईसाठी सुचलेली कल्पना'. आईला त्याने एकदाही आंघोळ घातलेली नाही.

४. दादाच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, काहीही देऊ नये. कारभार हाती येताच त्याने स्टीलचा खटका काढून प्लास्टिकचा घातला. ओलीत राहून तो वर्षभरात तडकेल, असे मी त्याला बजावले. "आत्या, तू फारच घाबरतेस," म्हणाला आणि बदललेला आराखडा सहीसाठी पुढे केला. आखणाऱ्याची सही हवी, असा नवा नियम आला होता. त्या घराने माझी सही पहिल्यांदाच मागितली. पुढे मी सगळ्यांना सांगत आले की न वाचता केली. खोटे आहे. वाचून केली. आराखड्यावरच्या सहीच्या चौकोनात माझे नाव कसे दिसते ते मला पाहायचे होते.

दहा महिन्यांनी एका निवृत्त शिक्षिकाबाईंखाली तो खटका तुटला. मनगट गेले, खुबाही गेला. चौकशीत दादा म्हणाला, "आराखडा बहिणीचा आहे. सही बघा."

तेव्हा कुठे आसन माझे झाले.

५. माझे राहते घर व बँकेतली सगळी शिल्लक या शिक्षिकाबाईंना द्यावी. त्यांची आंघोळ आता पलंगावर, परक्या हातांनी होते. मी त्यांना भेटायला गेले आणि सही मीच केली, समजून केली, असे सांगितले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तुमचं जुनं आसन माझ्याकडे अकरा वर्षं होतं. कधी कुरकुरलंसुद्धा नाही. म्हणून तर नव्या घरात डोळे मिटून तेच घेतलं." माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नाही. माझे काही घ्यायला त्यांनी नकार दिला, तर मिस्त्रीने गळ घालू नये. घर विकून सगळे पैसे त्यांच्या शाळेला द्यावेत.

६. गेल्या महिन्यात दादा तीन वर्षांनी माझे जिने चढून आला. त्याचे गुडघे गेले आहेत. पायरी-पायरीवर थांबल्याचे घरात ऐकू येत होते. बसला, तब्येतीचे बोलला, शिक्षिकाबाईंचे नाव काढले नाही. उठता उठता म्हणाला, "बाथरूममध्ये एक आसन बसवायचं होतं. जुन्या खटक्याचं करून देशील?" त्याच्या कारखान्यात प्लास्टिकच्या खटक्याची आसने अजून ढिगाने पडलेली आहेत. तो गेल्यावर कामाला बसले.

आसन तयार आहे, कपाटामागे गुंडाळून ठेवले आहे. मिस्त्रीने ते दादाकडे न्यावे आणि आधी सोबतचा कागद त्याच्यापुढे ठेवावा. त्यावर दोनच ओळी आहेत: 'हे आसन माझ्या बहिणीने आखले. खटका आम्ही बदलला.' खाली त्याच्या सहीला जागा सोडली आहे. तो करणार नाही, मी त्याला ओळखते. तरी आसन बसवावे. बोल्ट भिंतीत चार इंच खोल घ्यावेत आणि मिस्त्रीने स्वतः त्यावर बसून पाहिल्याशिवाय तिथून निघू नये. एका बाईला पडू दिले, तेवढे पुरे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, त्यांच्यादेखत सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत केल्या. दोघांनाही या कागदातून काही मिळायचे नाही.

स्थळ: राहते घर, दुसरा मजला
तारीख: ११ नोव्हेंबर २०२३

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना (सही)
२. तळमजल्यावरचे शिंपी (सही)