मस्कतची पेनं आणि उमाचं लग्न

कर्जत,
चैत्र वद्य पंचमी

चि. मधूस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती ठीक असणार, कारण बिघडली की तू चार पानं लिहितोस आणि यावेळी चिठ्ठी चारच ओळींची होती. इकडे तुझी ताई ठणठणीत आहे. चि. उमा लग्न ठरलेल्या मुली असतात तशी आहे, म्हणजे कारण नसताना हसते आणि कारण विचारलं की रडते. माझा गुडघा कुरकुरतो, पण या घरात कुरकुर करायचा हक्क सध्या फक्त गुडघ्यालाच असल्यामुळे मी त्याला अडवत नाही.

तुझ्या मित्राबरोबर पाठवलेली पेटी पोचली. वास्तविक आम्ही पेटीची नव्हे, तुझी वाट पाहत होतो. पण तू लिहिलंस, ‘कंपनी रजा देत नाही. अप्पा, ही पेनं घ्या, सगळं रंगवार लिहून काढा, म्हणजे मी नसलो तरी लग्नात काही राहून जायचं नाही.’ (हे वाक्य विमलने दोनदा वाचलं आणि चिठ्ठी देवघरात नेऊन ठेवली. का, ते मी विचारलं नाही. तुझ्या बहिणीला असं काही विचारायचं नसतं, हे मला लग्नानंतर लवकरच समजलं होतं.)

आता पेनांबद्दल. मी शाळामास्तर माणूस. उभ्या नोकरीत मला दोनच आयुधं लागली, एक शाईचं पेन आणि एक लाल-निळी पेन्सिल. लाल टोकाने चुका दाखवायच्या, निळ्या टोकाने शेरा मारायचा, एवढ्यावर कर्जतच्या दोन पिढ्या शहाण्या झाल्या. तुझ्या पेटीत मात्र एकाच पोटात चार रंग असलेलं बॉलपेन निघालं, रंगीत स्केचपेनं निघाली, एक काळा जाडजूड मार्कर निघाला, आणि अक्षरांवरून फिरवलं की अक्षरं उजळून दिसतात असं ते पिवळंधमक पेन निघालं. कोणतं कशाला वापरायचं हे ठरवण्यात माझा एक आठवडा गेला. त्या आठवड्यात मांडववाला दोनदा येऊन परत गेला, कारण मी त्याचा रंग अजून ठरवला नव्हता.

चार रंगांच्या बॉलपेनात मी उत्सुकतेपोटी हिरवा आणि लाल एकदम दाबला. ते दोघे दारात एकदमच घुसणाऱ्या व्याह्यांसारखे अडकून बसले ते अजून बाहेर आलेले नाहीत. काळ्या मार्करने मी विमलच्या डब्यावर झोकात ‘रवा’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी रवा संपला, तिने त्यात पोहे भरले, आणि मार्कर राखेने, चिंचेने, रॉकेलने, कशानेही जाईना. आता आमच्याकडे पोह्यांना रवा म्हणतात. पिवळ्या पेनाचा पहिला प्रयोग मी खोपोलीच्या आपल्या व्याह्यांवर केला. त्यांचं नाव माझ्या शाईच्या पेनाने घोटून लिहिलं होतं, त्यावरून पिवळं फिरवताच व्याही हिरवे झाले आणि ओघळत खालच्या ओळीतल्या भटजींत मिसळले. तेव्हा यादी पुन्हा साध्या बॉलपेनाने उतरवली. (हे साधं बॉलपेन कर्जतच्या बाजारातलं. त्याला मस्कतला जाऊन यावं लागलं नव्हतं.)

मग लग्नाच्या कामांचा तक्ता मांडला, त्याला रंगांचा नियम केला आणि तो एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. तातडीचं काम लाल, झालेलं हिरवं. चार दिवसांत सगळा तक्ता लाल झाला आणि हिरव्यात फक्त ‘पेनं निवडणे’ एवढंच उरलं. विमलने आपल्या माहेरच्यांची नावं लालमध्ये पाहिली आणि शांतपणे विचारलं, “सगळेच नापास का?” मी म्हटलं, तसं नाही, त्यांना लवकर कळवायचं आहे. पण मास्तरच्या घरात लालचा दुसरा अर्थ कोणाला पटणार? मलाही पटला नाही.

राहता राहिलं पिवळं. रंग एवढा देखणा की तो कुठेही वापरायला जीव होईना, म्हणून मी तो सर्वांत ओंगळ कामासाठी राखून ठेवला. अंगण लहान, माणसं फार, तेव्हा काही नावं गाळायची होती. मी ठरवलं, गाळायचं नाव पिवळं, आणि भिंतीवरच्या नियमात तेही जोडलं. आणि काय सांगू मधू, एकदा हात सुटल्यावर फार समाधान वाटलं! नेरळची माझी चुलत बहीण गोदूबाई पिवळी केली. माझ्या लग्नाच्या पंगतीत ‘मठ्ठा आंबट आहे’ असं ती भरल्या पानावर बोलली, तेव्हापासून मी तिची पायरी चढलेलो नाही. (मठ्ठा गोड कधी असतो?) पळसदरीचा नागू पिवळा केला. त्याने मुलीच्या लग्नाला आमचं तांब्याचं घंगाळ नेलं, आणि त्या मुलीची मुलगी आता शाळेत जाते, पण घंगाळ काही परत येत नाही. असे बरेच जुने हिशेब मी एका दुपारीत पिवळे करून टाकले.

यादी दिली चांगोकडे. चांगो तुला आठवत असेल, भाताची शेती सांभाळून पंचक्रोशीतल्या लग्नांची बोलावणी करतो तो. सायकलला पिशवी, पिशवीत हळदकुंकवाची अक्षत, आणि तोंडात असा रुबाब की जणू नवरा-नवरी यानेच जुळवले. यादी त्याने नेली. नियमाचा कागद भिंतीवरच राहिला.

चार दिवसांनी आला तो छाती फुगवून. “आप्पा, झ्याक काम क्येलाव! तुमी ज्या नावांना हळद लावली व्हती, त्यांना आदी गेलो. पाया पडून अक्षत दिली, तुमचा मान सांगितला. बाकीची हायती बिनहळदीची, त्यांची घाई नाय. जाईन सवडीनं.”

यादीत पिवळं म्हणजे गाळलेला, हा अर्थ मस्कतला चालत असेल. इकडे लग्नाच्या कागदाला पिवळं लागलं की ती हळदच.

त्याच दुपारी गोदूबाई वळकटी आणि लोणच्याची बरणी घेऊन दारात. “अप्पा, पहिली अक्षत मला धाडलीस रे! मी वेडी, इतकी वर्षं मनात धरून बसले होते,” म्हणून जी रडायला लागली, ती मलाही घेऊनच. (विमल म्हणते, त्या वेळी घरात कांदा चिरलेला नव्हता.) आता ती स्वयंपाकघराची मुखत्यार आहे आणि मठ्ठा स्वतः करणार आहे. नागू घंगाळ घेऊन आला, चिंच लावून असं घासलं होतं की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि मी तो फार वेळ पाहू शकलो नाही. उलट जी हक्काची माणसं मी अभिमानाने कोरी ठेवली होती, ती रुसली आहेत. हेडमास्तर माझा नमस्कार घेत नाहीत. शेजारच्या उपाध्यांना भिंतीपलीकडून आमची सगळी लगबग ऐकू येते आणि बोलावणं मात्र नाही, म्हणून त्यांनी रेडिओ मोठा केला आहे. उद्यापासून मी स्वतः दारोदार फिरणार. गुडघ्याला अजून कळवलेलं नाही.

तर तुझ्या पेनांनी आमचं असं चाललं आहे. तब्येतीला जप, उन्हात टोपी घाल, आणि पुढल्या खेपेस पेटीत खजूर पाठव, त्याला नियम लागत नाहीत.

तुझा,
अप्पा

ता. क. पिवळ्या पेनाचं टोपण हरवलं आणि ते वाळून गेलं. घरात कोणी हळहळलं नाही.

आणखी एक ता. क. नावं गाळली त्या दुपारी तुझ्या ‘रजा नाही’च्या रागाने मी तुझ्याही नावावरून पिवळं फिरवलं होतं. चांगोने काल पिशवी झटकली तेव्हा तळाशी एक पुडी निघाली. म्हणाला, “ही येवडीच ऱ्हायली, आप्पा. त्या गावाला यष्टी जात नाय म्हनतात. तुमीच धाडा.” ती अक्षत सोबत घातली आहे. अक्षत आल्यावर नाही म्हणायची रीत आपल्याकडे नाही, एवढं तुझ्या साहेबाला समजावून सांग. तक्त्यात ‘उमाला बोहल्यावर कोणी आणायचं’ ही एकच ओळ कोरी आहे. तिथे विमलचा चुलतभाऊ लिहून पाहिला. उमा ‘चालेल’ म्हणाली आणि मागच्या दारी जाऊन बसली. मी ते नाव खोडलं. तू लिहिलं होतंस की तू नसलास तरी काही राहून जायचं नाही. राहतं आहे रे. मलाही तुझ्यावाचून या गर्दीत एकटं वाटतं.

पिवळी केलेली सगळी माणसं येतो म्हणाली. एकटा तूच उरला आहेस.